सरकीचं भांडण

आबा,

तुमची बंडी काल धुवायला काढली आणि खिशातून सरकी निघाली. फार नव्हती, चार-दोन दाणे, पांढऱ्या रुईसकट शिवणीत अडकलेले. अक्का म्हणाल्या, "राहू दे गं, ती बंडी नको धुऊ, त्यांचा वास आहे तिला." लेकच ती तुमची, त्यांचे डोळे लगेच भरून आले. माझे नाही भरले. मला राग आला. तुमचं दिवसकार्य नुकतंच उरकलंय, घरात पाहुणे आहेत, आणि मी मोरीपाशी उभी राहून तुमच्यावर चिडले. म्हणजे शेवटपर्यंत चालूच होतं तुमचं! मी माप धरून कबरी गाईपुढे सरकी घालायची, माझी पाठ वळली की तुम्ही खिशातून वर टाकायची, आणि परत मलाच विचारायचं, "वहू, गावडी आज कडबाले तोंड काबर लावत नही?"

मग रडले. पण आधी चिडले, हे तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आज दुपारी गोठ्याचं ठरलं. कबरी, तिची कालवड आणि म्हैस, तिघींचं काय करायचं ते. तुमचा धाकटा सुरतेला परत निघालाय, जाण्याआधी सगळं मार्गी लावून जातो म्हणाला. काय ठरलं ते सांगते, पण लगेच नाही. तुम्हाला मध्येच उठून जायची सवय. माझं बोलणं अर्धं झालं की तुम्हाला नेमकं गुरांना पाणी दाखवायचं आठवायचं. आज तसं करता येणार नाही, तेव्हा आज आधी माझं सगळं ऐका.

मी या घरात आले ती सावद्याची पोर. आमच्याकडे नजर जाईल तिथवर केळी. बांधावर गवत, गाय दावं सोडून निघाली तरी हिरव्यात तोंड घालणार. माझ्या वडिलांच्या गोठ्यात केळीचा पाला, खांबाचे काप, घास, सगळं ओलं-ओलं. आणि इथे नरडाण्याच्या बाजूला येऊन बघते तर काय, पावसाळा सरला की नुसता कडबा. ज्वारीची वाळलेली ताटं, हातात घेतली तर हात खरचटतो, तो त्या बिचाऱ्या खातात. मी नवी नवरी, डोक्यावरचा पदर सावरत तुमच्या गोठ्यात उभी, आणि तोंडातून निघून गेलं, "आबा, हे खाऊन ह्या जगतात तरी कशा?"

सासूबाई आतून डोळे वटारून बघत होत्या. नवी सून सासऱ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे. पण तुम्ही रागावला नाहीत. तुम्ही मला घमेल्यापाशी नेलंत, झाकलेलं गोणपाट बाजूला केलंत आणि भिजलेली सरकी दाखवलीत. कापसातून रुई काढून घेतल्यावर उरलेलं बी, रात्रभर पाण्यात राहून फुगलेलं. बोटात धरून दाबलंत, तेल लागलं बोटाला. मग म्हणालात, "तुना सावदाकडे गावडी केयीना पाला खास आनि पानी देस. दूध पाह्यजे ते ही पाह्यजे."

माझ्या माहेरची गाय पाणी देते म्हणे! केळीच्या पाल्याला नावं ठेवलीत ती ठेवलीत, वर घरातल्या सगळ्यांना ते सांगून हसलात. त्या दिवसापासून आपलं जे सुरू झालं, ते अजून संपलेलं नाही.

पण आबा, मला ती संध्याकाळची वेळ फार आठवते. तुम्ही ओट्यावर बसून सरकी निवडायचात. खडा, काडी, जिनिंगमधून आलेला एखादा दोरा, काय काय काढून टाकायचात. एक दाणा दाताखाली फोडायचात. ताजी असली तर मान हलायची, जुनी कुबट असली तर तोंड असं व्हायचं की मला हसू दाबता येत नसे. एकदा बाजारात एका व्यापाऱ्यासमोर तुम्ही दाणा फोडलात, थुंकलात आणि चालायला लागलात. तो मागून आवाज देतोय, आबा, आबा, आणि तुम्ही वळूनसुद्धा बघितलं नाहीत. घरी येऊन मला म्हणालात, त्यानं स्वतःच्या आईला दिली असती का ती खायला? मी म्हटलं, आबा, आई सरकी खात नाही. तर म्हणालात, तुला सगळ्यातच बोलायचं असतं.

असतंच. तुम्हालाही असायचं.

आणि त्या घमेल्याला कोणी हात लावायचा नाही. ढोरांपुढे सरकी घालणारा हात एकच पाहिजे, हात बदलला की ढोर बिघडतं, असं तुमच्या वडिलांपासून चालत आलेलं. मी शेण काढायचं, पाणी पाजायचं, धार काढायची, पण सरकीला हात लावला की तुम्ही दचकायचात. सगळी माया त्या घमेल्यात होती तुमची. कबरीच्या पाठीवर थाप मारायची, "खाय व माय, खाय" म्हणायचं, आणि सरकीचा हा एवढा ढीग कडब्यावर ओतायचा. कबरी काय वेडी आहे? ती वरची सरकी चाटून-पुसून खायची आणि कडब्याकडे बघायचीही नाही. मी म्हणायचे, अहो, कुट्टी करा कडब्याची, त्यात कालवा, म्हणजे दोन्ही पोटात जाईल. आणि माप ठेवा. तुम्ही म्हणायचात, "मुकं जनावर शे. ते काय मांगाले येस का?"

आता यावर काय बोलायचं माणसानं!

एकदा उकिरड्यावर कपाशीची रोपं उगवली होती, आठवतंय? चांगली हातभर. मी तुम्हाला हाताला धरून नेलं. म्हटलं, बघा, ही तुमची सरकी, गाईच्या पोटातून अख्खी बाहेर आली आणि इथे उगवली, इतकी घालता तुम्ही की तिला चावायलाही सवड मिळत नाही. तुम्ही खाली वाकून नीट बघितलंत. म्हणालात, "ती ते गव्हानमातून सांडेल शे." मग सरळ झालात आणि म्हणालात, "बरं व्हयनं. कापूस येची लिसूत." कापूस वेचणार म्हणे! मी कपाळाला हात लावला. आणि तुम्ही खरोखर त्या रोपांना पाणी घातलंत, मला खिजवायला.

त्या उन्हाळ्याचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. कबरी नुकतीच व्यालेली. अक्का पोरांना घेऊन माहेरी येणार होत्या, नातवंडांना घरचं दूध मिळावं म्हणून तुमचा हात नेहमीपेक्षा सैल सुटला. सरकी तर होतीच, वर ढेप, वर घरातले तीळ. रोज मी कुरकुर करतेय, रोज तुम्ही हो-हो करताय. आणि एका सकाळी कबरी उठली नाही. पुढे घातलेलं तसंच. शेण पातळ. सगळ्यात वाईट म्हणजे जबडा हलत नव्हता. रवंथ थांबलेला. रवंथ थांबलेली गाय बघणं किती वाईट असतं ते ज्यांच्या दारात गाय नाही त्यांना काय कळणार. ती नुसती समोर बघत बसली होती.

डॉक्टर आले, औषध पाजलं. म्हणाले, आबा, तेलाचं बी चांगलंच, सुक्या चाऱ्यावर जगणाऱ्या जनावराला त्यानंच ताकद येते, पण हात राखून. कडबा पचवणारे जंतू असतात तिच्या पोटात, त्यांना फार तेल सोसत नाही, ते बसले की कडबा तसाच पडून राहतो. आणि वासराला तर सरकी अजिबात नको. मी पदराआडून तुमच्याकडे बघत होते. वाटलं होतं, आता तरी कबूल करतील. तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाहीत. डॉक्टर गेल्यावर भिंतीकडे बघत म्हणालात, "उन्हायामा ढोरे असाच करतस."

पण त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. दुपारभर कबरीपाशी बसून होतात, तिच्या डाव्या कुशीवर हात फिरवत, मध्येच कान लावत. तुमचं तोंड इतकंसं झालं होतं. मी ताक आणून ठेवलं, तेही तसंच राहिलं. मला तुमचा राग यायला हवा होता, आला नाही. मला तुमचीच काळजी वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि गोठ्यातून बघायला बोलावणारी तुमची हाक आली, "वहू! ये, ये, पाय!" मी तशीच पिठाच्या हातानं धावले. कबरी रवंथ करत होती. आपण दोघं तिथे उभे राहून एका गाईचा जबडा हलताना बघत होतो. खुळ्यासारखे. तुम्ही हसत होतात आणि डोळे पुसत होतात, मी पिठाच्या हातानं नाक पुसलं, आणि सासूबाई दारातून ओरडत होत्या की भाकरी कोण थापणार.

आबा, माझ्या आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झालाय.

त्यानंतरच्या सकाळी तुम्ही घमेलं उचललंत आणि माझ्यापुढे ठेवलंत. "तूच कालव. मनी कंबर दुखस," म्हणालात आणि बाहेर निघून गेलात. मी बघतच राहिले. जे घमेलं कोणाला शिवू देत नव्हता, ते माझ्या हातात. त्या दिवसापासून कुट्टीत सरकी कालवून मी घालायला लागले. हात बदलला म्हणून कबरी काही बिघडली नाही, उलट कडबा-सरकी सगळं झाडून खायला लागली, दुधावर साय धरायला लागली बोटाएवढी. तुम्ही साय बघायचात, चहात जरा जास्तच घ्यायचात, पण शब्द नाही. मी वाट बघायचे. वर्षानुवर्षं वाट बघितली, की एकदा तरी म्हणाल, पोरी, तुझं बरोबर होतं. किंवा एवढं तरी, की घमेलं मी तुला दिलं. तुम्ही फक्त कंबर दुखते म्हणालात. आणि त्याच कमरेनं त्याच आठवड्यात गंजीवर चढून कडबा उतरवत होतात! मग ती कंबर खरंच दुखत होती का, आबा? हे मला तुम्हाला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तुम्ही गुरांना पाणी दाखवायला गेला असतात.

तुमची माया म्हणजे जास्तीचं वाढणं. गाय असो की सून. मी बाळंत झाले तेव्हा तुम्ही सूप भरून तीळ आणि जवस आणून ठेवलं सासूबाईंपुढे. लाडू करा, चटणी करा, भाकरीला लावा, हिला घाला. रोज खोलीच्या दाराबाहेरून विचारणं, खाल्ले का लाडू? मी एकदा वैतागून आतूनच ओरडले, "आबा, मी काय कबरी आहे का?" बाहेरून तुमचं ते हसणं, खोकला येईपर्यंत. "कबरी ऐकस तरी," म्हणालात. माझ्या आईनंही माझं एवढं खाणं बघितलं नव्हतं. त्या वेळी मी नाकं मुरडली. सासूबाई तुमच्याआधीच गेल्या, आता कोण विचारणार आहे, खाल्लंस का म्हणून?

धुळ्याच्या दवाखान्यात ती दुपार आपल्या दोघांचीच होती. हे नरडाण्याला कंपनीतली पाळी संपवून घरी गेले होते, संध्याकाळी डबा घेऊन येणार होते. तुम्ही बराच वेळ डोळे मिटून होतात. मला वाटलं झोपलात. तर एकदम, "कडबा सरी गया का?" मी म्हटलं, नाही, भरपूर आहे. विश्वास बसेना. शेवटी ह्यांना व्हिडिओ कॉल लावायला लावलात. ह्यांनी मोबाइल नेऊन कबरीच्या तोंडापुढे धरला. गव्हाण दाखवा, पाठ दाखवा, शेण दाखवा, सगळं झालं. बाजूच्या पलंगावरचे पाहुणे वाकून बघायला लागले. तुम्ही स्क्रीनला नाक लावून म्हणालात, "तिनी कूस पाय, आत गयी. सरकी कोठे शे? तू हात आखडी लिधा." मी म्हटलं, आहे सरकी, कालवलेली आहे, म्हणून दिसत नाही. "आनि कालवडले?" मी म्हटलं, कालवडीला नाही, अजून लहान आहे ती, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? "डाक्टर उना, डाक्टर गया," तुम्ही म्हणालात, "मूठभर टाक तिले. तिले जीव नही का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. चांगलं लांबलचक उत्तर होतं. पण तुमचा डोळा लागला होता, मोबाइल हातात तसाच. म्हटलं, उठले की सांगते. तुम्ही पुन्हा नीट जागे झालाच नाहीत. ते उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलंय, आबा.

तर आजचं. दुपारची जेवणं झाल्यावर सगळे ओट्यावर बसले. भाऊजींनी विषय काढला. त्यांचं काही चुकत नव्हतं हो. म्हणाले, दादाच्या पाळ्या, पोरीची शाळा, वहिनी एकटी किती करेल. आबा होते तोवर ठीक होतं, गोठा म्हणजे आबाच. ओळखीचा चांगला माणूस आहे शिंदखेड्याकडे, जीव लावून ठेवेल, ढोरं त्याच्याकडे देऊन टाकू. हे मान खाली घालून ऐकत होते. मला बघवेना त्यांच्याकडे, कारण त्यांनाही ते पटायला लागलं होतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी. गोठ्यातून कबरीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता. ती गेली तर तुमचं-माझं जे काही होतं, ते सगळंच दारातून जाणार होतं.

अक्का माझ्याकडे वळल्या. "तू होतीस ना दवाखान्यात? आबा काही बोलले होते का ढोरांचं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबा, किती सोपं होतं! एक वाक्य. आबा म्हणाले, ढोरं तू सांभाळ. भाऊजींनी तिथेच हात जोडले असते. मेलेल्या बापाचा शब्द कोण मोडतो? ते वाक्य माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. आणि खोटं तरी किती, कंबर दुखते म्हणून घमेलं दिलंतच की तुम्ही. पण तुम्ही तसं म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, तू हात आखडतेस. जिवंतपणी माझा एक शब्द तुम्ही धड मान्य केला नाहीत, आणि आता तुम्ही उलट बोलू शकत नाही तर मी तुमच्या तोंडात माझे शब्द घालू? नाही जमलं मला.

मी म्हटलं, "आबा काही बोलले नाहीत. मी बोलतेय. ढोरं कुठेही जाणार नाहीत. वैरण-पाणी मी बघेन, आणि सरकी किती घालायची तेही मीच ठरवीन."

आवाज जरा चढलाच. चढणारच, तुमच्याशी बोलून-बोलून ढोरांचा विषय निघाला की माझा आवाज आपोआप चढतो. आणि मी थांबले. अंगात सगळी तयारी करून थांबले, की आता कोणीतरी म्हणेल, तुला काय समजतं ढोरांतलं.

भाऊजी म्हणाले, "बरं, वहिनी." ह्यांनी मान हलवली. अक्का चहा ठेवायला उठल्या.

या घरात मी ढोरांबद्दल बोलले आणि कोणी उलटून भांडलं नाही, असं आज पहिल्यांदा झालं. तेव्हा मला खरं वाटलं आबा, की तुम्ही गेलात.